पिंजरा लावल्यावर काय झाले?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात धरणांच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि त्या उंच, दाट पिकात बिबट्यांना दिवसभर दडून राहण्याची जागा मिळाली. बिबट्या दिसला की पिंजरा लावावा आणि सापडलेला प्राणी दूरच्या जंगलात नेऊन सोडावा, ही ग्रामस्थांची मागणी स्वाभाविकच होती. 2001 नंतर वन विभागाने हे काम मोठ्या प्रमाणावर केले.

या उपायाचा परिणाम वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, 1993 ते 2001 या काळात जुन्नर भागात बिबट्यांनी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले केले होते. 29 बिबटे पकडून सरासरी सुमारे 40 किलोमीटरवरील जंगलांत सोडण्यात आल्यानंतर हीच सरासरी 17 वर गेली. त्यातले जीवघेणे ठरणारे हल्लेही 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर पोहोचले. केवळ आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलना म्हणजे काटेकोर प्रयोग नव्हे, ही शंका रास्त आहे. पण बिबट्यांची संख्या दोन-तीन वर्षांत चौपट होत नाही, त्यामुळे ‘बिबटे वाढले म्हणून हल्ले वाढले’ हे उत्तर येथे पुरत नाही. या नोंदी पडताळल्या नसत्या, तर वाढलेले हल्ले पाहून आणखी पिंजरे मागितले गेले असते.

असे का घडले असावे, याचा अंदाज बिबट्याच्या स्वभावावरून बांधता येतो. तो स्वतःचा इलाखा राखून राहतो. त्याला हलवले की रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतो, आणि हलवलेला प्राणी, पिंजऱ्यातल्या ताणानंतर, अनोळखी मुलखात भरकटतो. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेल्या एका नराला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले होते. संशोधकांनी ‘आजोबा’ असे नाव दिलेला हा बिबट्या सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला. ज्याला आपण ‘जंगलात सोडले’ म्हणतो, तो सोडलेल्या जागी राहीलच असे नाही.

नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातील शेतशिवारातही स्वयंचलित कॅमेरे लावून गणना झाली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे असलेल्या त्या भागात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे ते वाट चुकून आलेले नव्हते, तेथेच राहत होते. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत वजनाच्या हिशेबाने 87 टक्के खाद्य पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचे, त्यातही 39 टक्के एकट्या कुत्र्यांचे निघाले. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच होता, कारण बहुधा शेळ्यांवर दिवसा राखण्या असतो आणि रात्री त्या कोंडल्या जातात, तर कुत्री मोकळी हिंडतात. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत उपयोगी आकडा शेळ्यांचा हा 11 टक्केच आहे. रात्री नीट बंद होणारा गोठा आणि मोकाट कुत्र्यांना पोसणारा कचरा गावाबाहेर उघडा न टाकणे या गोष्टी पिंजऱ्याइतक्या नजरेत भरत नाहीत, शिवाय त्यांच्यासाठी सातत्याने खर्च करावा लागतो.

2011 मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीपासून दूर राहण्याचा सल्ला दिला. गावात बळी गेल्यावर मात्र लोकांची पहिली मागणी आजही पिंजऱ्याचीच असते, आणि त्या क्षणी आकडेवारी पुढे करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम सोपे नसते.