पार्श्वभूमी : शॉन डाइच आणि स्वस्तातला बचाव

ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट या इंग्लिश फुटबॉल क्लबने शॉन डाइचच्या हाती संघ सोपवला, तेव्हा ‘जुन्या वळणाचा मॅनेजर’ हे बिरूद त्याला पुन्हा एकदा चिकटलं. घोगरा आवाज, तांबूस दाढी, उंच मारलेले चेंडू, पेनल्टी क्षेत्रात दाटीवाटीने उभे बचावपटू. वर्णन खोटं नाही. पण हे वळण त्याला जिथे लागलं, तिथे दुसरं काही परवडण्यासारखंच नव्हतं.

१९७१ साली केटरिंगमध्ये जन्मलेला डाइच याच फॉरेस्टमध्ये, नावाजलेला मॅनेजर ब्रायन क्लफ याच्या अमलात, शिकाऊ खेळाडू होता. पहिल्या संघाकडून एकही सामना न खेळता १९९० मध्ये तो चेस्टरफील्डला गेला. हा क्लब तेव्हा इंग्लिश लीगच्या चौथ्या श्रेणीत होता. तिथे सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून त्याने सात वर्षं काढली, दोनशेवर लीग सामने खेळला, कप्तान झाला.

१३ एप्रिल १९९७ चा दिवस चेस्टरफील्डमध्ये आजही विसरलेले नाहीत. तोवर तिसऱ्या श्रेणीत आलेला हा क्लब एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला होता. मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, समोर जुनिन्यो आणि राव्हानेल्ली या परदेशी ताऱ्यांचा, प्रीमियर लीगमधला, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतला मिडल्सब्रो. अँडी मॉरिसने पहिला गोल केला आणि डाइचने पेनल्टीवर दुसरा. २-०! मग मिडल्सब्रोने एक गोल फेडला. त्यानंतर जोनाथन हॉवर्डचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या आत पडला, पण पंचांनी गोल दिला नाही. गोलरेषेवर नजर ठेवणारं तंत्रज्ञान तेव्हा कुठलं! सामना जादा वेळेत ३-३ असा सुटला आणि हिल्सबरोवरच्या फेरसामन्यात चेस्टरफील्ड ०-३ ने हरलं. अंतिम फेरी तोंडाशी येऊन निसटली.

पुढची दहा वर्षं ब्रिस्टल सिटी, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्दम्प्टन अशी गेली. प्रीमियर लीगमध्ये तो खेळाडू म्हणून कधी उतरलाच नाही. निवृत्तीनंतर वॉटफर्डमध्ये आधी युवा संघ, मग सहायकपद आणि २०११ मध्ये मॅनेजरपद मिळालं. पहिल्याच हंगामात संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, अकरावा आला. तेवढ्यात इटलीच्या पोत्झो कुटुंबाने क्लब घेतला आणि डाइचला नारळ मिळाला. मालक बदलला की याची खुर्ची हलते, हे पुढेही दिसलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये तो बर्न्लीला आला. लँकेशरमधलं हे कापडगिरण्यांचं जुनं गाव. कट्टर वैरी म्हणजे शेजारचं ब्लॅकबर्न रोव्हर्स, २०१० पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचं. १९७९ नंतर बर्न्लीने ब्लॅकबर्नला एकदाही हरवलं नव्हतं. मार्च २०१४ मध्ये डाइचच्या संघाने त्यांच्याच मैदानावर २-१ ने ही पस्तीस वर्षांची साडेसाती संपवली. ब्लॅकबर्नमध्ये वेंकीजच्या नावाने आधीच शिमगा चालू होता, त्यात ही भर.

त्याच हंगामात बर्न्लीने ९३ गुण मिळवून प्रीमियर लीग गाठली. संघातले बरेचसे खेळाडू फुकटात आणलेले. त्या हंगामात खरेदीची रक्कम मोजली ती ॲश्ली बार्न्स या एकट्यासाठी. वर्षभरात संघ खाली घसरला आणि २०१६ मध्ये पुन्हा ९३ गुणांनिशी, या वेळी विजेता म्हणून, वर आला.

डाइचचा सगळा हिशेब २०१७-१८ च्या गुणतक्त्यात वाचता येतो. बर्न्लीने ३८ सामन्यांत केले फक्त ३६ गोल. सतराव्या स्थानावरच्या साउदॅम्प्टननेही ३७ केले होते! पण बर्न्लीवर गोल झाले ३९ आणि साउदॅम्प्टनवर ५६. बर्न्ली सातवं आलं आणि ५१ वर्षांनी युरोपीय स्पर्धेत पोहोचलं. गोल करणारा खेळाडू महाग असतो. ओळीत उभं राहून वाट अडवणं सरावाने शिकवता येतं. खालच्या श्रेणीत आयुष्य काढलेल्या बचावपटूला हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. गावात एका पबचं नाव ‘द रॉयल डाइच’ ठेवलं गेलं.

या हिशेबाला मर्यादाही होती. २०२१-२२ मध्ये ३० सामन्यांत फक्त चार विजय मिळाले, आणि एप्रिलमध्ये बर्न्लीच्या नव्या अमेरिकी मालकांनी त्याला काढलं. तरी बर्न्ली खाली गेलंच.

जानेवारी २०२३ मध्ये त्याने बुडत्या एव्हर्टनची सूत्रं घेतली. पहिल्याच सामन्यात आर्सेनलला १-० ने हरवलं. गोल केला तो टार्कोव्स्कीने, म्हणजे बर्न्लीत त्याच्याच हाताखाली घडलेल्या सेंटर-बॅकने. पुढच्या हंगामात आर्थिक नियम मोडल्याबद्दल क्लबचे आठ गुण कापले गेले, तरी एव्हर्टन पंधराव्या स्थानावर राहिलं. मग पुन्हा नवे मालक आले आणि जानेवारी २०२५ मध्ये, एफए कपच्या सामन्याला काही तास उरले असताना, त्याची रवानगी झाली.

फॉरेस्टमध्ये तो आला ते इयन वोन आणि स्टीव्ह स्टोन या फॉरेस्टच्याच जुन्या खेळाडूंना सहायक म्हणून घेऊन. पहिला सामना युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतला, पोर्टोविरुद्ध. फॉरेस्टने तो २-० ने जिंकला. दोन्ही गोल पेनल्टीवर.