सदस्य अभियंत्याविरुद्ध आचारसंहिता-भंगाची तक्रार : पात्रता, कागदपत्रे आणि चौकशीचा क्रम

अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेकडे एखाद्या सदस्याविरुद्ध तक्रार गेली की छाननी करणारा आधी चूक किती मोठी हे पाहत नाही. ही बाब आपल्या कक्षेत येते का, हे पाहतो. खऱ्या तक्रारीही इथेच अडकतात, म्हणून अर्ज लिहायला घेण्यापूर्वी संस्थेच्या हातात नेमके काय आहे हे समजून घ्यावे.

संस्था नुकसानभरपाई मिळवून देत नाही, काम थांबवत नाही आणि व्यवसायाचा परवानाही काढून घेत नाही. परवाना देणारे मंडळ सहसा वेगळे असते. संस्थेचा अधिकार सदस्यत्वापुरता : समज, लेखी ताकीद, ठरावीक काळाचे निलंबन किंवा सदस्यत्व रद्द करणे. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलातले अधांतरी पूल कोसळून ११४ माणसे मेली. जबाबदार अभियंत्यांचे परवाने मिसुरी राज्याच्या मंडळाने काढून घेतले. सदस्यत्वाचा विचार स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने, एएससीईने, स्वतंत्रपणे केला. घटना एकच असली तरी दरवाजे दोन होते. तुम्हाला दोन्ही ठोठवायचे असतील तर अर्जही दोन करावे लागतील.

कशाची तक्रार घेतली जात नाही

थकलेले बिल, कामाला झालेला उशीर, नोकरीतला अन्याय, 'मी असा आराखडा केला नसता' असा तांत्रिक मतभेद : या गोष्टी आचारसंहितेत बसत नाहीत. 'त्याने माझ्यापेक्षा कमी फी लावून काम पळवले' हेही नाही. स्पर्धात्मक दर देण्यावरची बंदी अमेरिकेतल्या व्यावसायिक अभियंत्यांच्या एनएसपीई या संस्थेच्या संहितेत होती, ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बेकायदा ठरवली. शोधनिबंधातली चोरी विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईईसारख्या संस्थेत प्रकाशन विभागाकडे जाते, कारण त्याची कार्यपद्धती निराळी आहे. आपले प्रकरण त्यातले असेल तर पाकिटावरचा पत्ताच बदला.

कोण, कोणाविरुद्ध, किती दिवसांत

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो सदस्य असला पाहिजे. घटनेच्या दिवशी की तक्रारीच्या दिवशी, हे संस्थेच्या उपविधीत पाहा. तक्रारदार सदस्यच हवा का, याबाबतही नियम सारखे नाहीत. निनावी तक्रारीवर सहसा शिस्तभंगाची कारवाई होत नाही, कारण समोरच्याला उत्तर द्यायचे तर आरोप कोणाचा हे कळायला हवे. मुदत आधी तपासा आणि ती घटनेपासून मोजतात की घटना उघडकीस आल्यापासून, हेही पाहा. त्याच विषयावर न्यायालयात दावा चालू असेल तर संस्थेची चौकशी समिती निकालापर्यंत थांबू शकते. तो दावा लपवू नये, पुढे उघड झाला की तक्रारदाराचीच विश्वासार्हता जाते.

तक्रार लिहिताना

खरे काम इथे आहे. एका परिच्छेदात एकच आरोप घ्या आणि त्यात चार गोष्टी द्या : दिनांक, कृती, संहितेचे कलम, पुराव्याचा क्रमांक. 'हे गृहस्थ नेहमीच भ्रष्ट वागतात' या वाक्याची चौकशी करता येत नाही. 'अमुक तारखेला यांनी चाचणी अहवालावर सही केली, त्या दिवशी चाचणी झालीच नव्हती, प्रयोगशाळेची नोंदवही परिशिष्ट ३, कलम अमुक' याची करता येते. हेतूबद्दल तर्क लढवू नका. कृती सिद्ध झाली की हेतूकडे समिती आपणच वळते.

कलम घेताना घटनेच्या दिवशी लागू असलेली आवृत्ती घ्या. आयईईई आणि एएससीई, दोघांनीही २०२० मध्ये संहिता बदलल्या. २०१९ च्या कृत्याला नवे कलम लावले की पहिला आक्षेप तयारच असतो. एएससीईच्या नव्या संहितेत कर्तव्यांचा क्रम दिला आहे : समाज, निसर्ग व बांधलेला परिसर, व्यवसाय, ग्राहक व मालक, सहकारी. ग्राहकाची गुप्तता आणि लोकांची सुरक्षितता यांत ओढाताण असेल तर तक्रारीत हा क्रम दाखवून द्यावा.

सोबत काय जोडायचे

- संस्था मागत असेल तर नोटरीसमोर केलेले शपथपत्र, अन्यथा सही व दिनांक असलेली तक्रार
- समोरच्याचे पूर्ण नाव आणि माहीत असल्यास सदस्य क्रमांक
- घटनाक्रमाचा एक पानी तक्ता
- क्रमांक घातलेली परिशिष्टे आणि त्यांची यादी
- साक्षीदारांची नावे आणि प्रत्येकाला नेमके काय ठाऊक आहे ते एका ओळीत
- इतरत्र केलेल्या तक्रारींची वा दाव्यांची माहिती

नकाशा जोडताना सुधारणेचा क्रमांक आणि सहीचा चौकोन दिसला पाहिजे, कापलेला कोपरा उपयोगाचा नाही. ईमेलचा नुसता स्क्रीनशॉट कच्चा पुरावा ठरतो, मूळ फाइल जपून ठेवा. मालकाची गोपनीय कागदपत्रे परवानगीशिवाय उचलून जोडलीत तर संहितेच्याच वेगळ्या एखाद्या कलमाखाली तुम्हीच सापडाल. असा कागद कोणाकडे आहे एवढे लिहावे आणि तो मागवण्याचे काम समितीवर सोडावे.

पुढे काय होते

पोच, प्राथमिक छाननी, समोरच्याला नोटीस, त्याचे लेखी उत्तर, चौकशी, सुनावणी, संस्थेच्या नियामक मंडळाचा निर्णय, मग अपील : क्रम साधारण असा असतो. नोटिशीत आरोपांची प्रत नसेल किंवा उत्तराला पुरेसा वेळ दिला नसेल, तर एवढ्यावरूनच निर्णय अपिलात उलटू शकतो. छाननीनंतर तक्रारदार बहुतेक ठिकाणी साक्षीदारापुरता उरतो आणि प्रकरण संस्था विरुद्ध सदस्य असे होते. हे न कळल्याने दर आठवड्याला विचारणा करणारे पुष्कळ असतात.

समितीत कोण बसते हेही पाहण्यासारखे. समितीवरच्या कोणाचे समोरच्याशी धंद्याचे नाते असेल तर आक्षेप लगेच, लेखी घ्या. यांत्रिकी अभियंत्यांच्या एएसएमई या संस्थेने हे फार महागात शिकून घेतले. बॉयलर समितीवरचा उपाध्यक्ष हायड्रोलेव्हल या कंपनीच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा अधिकारी होता. संस्थेला विचारायच्या प्रश्नाचा मसुदा तयार करण्यात त्याचाच हात होता आणि संस्थेच्या नावाने गेलेले उत्तर हायड्रोलेव्हलच्या मालाविरुद्ध वापरले गेले. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यासाठी खुद्द संस्थेला जबाबदार धरले.

चौकशी चालू असताना समाजमाध्यमावर नावानिशी लिहू नका. गोपनीयतेचा भंग तर होतोच, शिवाय बदनामीचा दावा ओढवतो. नोटीस तुम्हालाच आली असेल तर गप्प बसू नका आणि तक्रारदाराला फोनही करू नका. प्रत्येक परिच्छेदाला 'मान्य', 'अमान्य' किंवा 'अंशतः मान्य' असे उत्तर द्या आणि त्यापुढे कागद जोडा. घाईने राजीनामा देऊन प्रकरण मिटेल असे समजू नये. चौकशी प्रलंबित असताना काही संस्था राजीनामा स्वीकारत नाहीत.

तक्रार करायची नसून 'माझे चुकते आहे का' एवढेच विचारायचे असेल, तर सल्ल्याची वाट वेगळी आहे. एनएसपीईचे नीतिविषयक मंडळ दिलेल्या वस्तुस्थितीवर नावे न घेता मत देते.

छाननीत फेटाळलेली तक्रार त्याच कागदांवर पुन्हा केली तर ती ऐकून घेतली जाण्याची आशा फारशी नसते, नवा पुरावा लागतो. परिशिष्टे अपुरी आहेत हे अर्ज दिल्यावर लक्षात आले, तर छाननीची तारीख पडण्याआधीच लेखी पत्र देऊन तक्रार मागे घ्यावी आणि मुदत शिल्लक असेपर्यंत पूर्ण करून पुन्हा द्यावी.