हरणाचे गोळे आणि पंढरपुरी डाळवं

रविवारी दुपारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती स्कॉटलंडला असते. तिथं लाल हरणाचा खिमा दुकानात राजरोस मिळतो. तिनं त्याचे गोळे करून रश्शात सोडले होते, पण घरात कुणी दुसरा गोळा उचलला नव्हता. धाकट्यानं तर एक फरशीवर टाकून उडतो का ते पाहिलं. सोलापूरहून गेलेल्या सासूबाईंनी आधीच सुनावलं होतं, ‘एका हरणापायी एवढं रामायण घडलं, आणि तू त्याचा खिमा करतेस होय!’ भाची वैतागून म्हणाली, ‘मामा, तुमचं विज्ञान कामाला कधी यायचं?’

उत्तराआधी एक सांगून टाकतो. इथून, सोलापुरातून, वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट, पण काळवीट हमखास दिसतं. त्याला आपण सरसकट हरीण म्हणतो. खरं तर ते कुरंग (अँटिलोप), गाय-बकरीच्या कुळातलं, त्याची शिंगं जन्मभर टिकतात. चितळ-सांबरासारख्या खऱ्या हरणांच्या नरांची दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं यातल्या कशाचीही शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख वाचून कुणी भलतं धाडस करू नये. स्कॉटलंडमध्ये लांडगे कधीच संपले, हरणांची संख्या माणसालाच आटोक्यात ठेवावी लागते आणि ते मांस बाजारात येतं. आपल्याला हेच विज्ञान चरबी काढलेल्या बोकडाच्या खिम्यावर पडताळता येतं. मी तेच केलं.

नको म्हणणारा माणूस दोन कारणांनी नको म्हणतो, चिवटपणा आणि वास. वासाचं शेवटी बघू. चिवटपणाचं मूळ हे: हरणाच्या स्नायूत चरबी जवळजवळ नसते. ते आपली चरबी कातडीखाली आणि मूत्रपिंडांभोवती साठवतं, स्नायूच्या धाग्यांमध्ये फारच थोडी. आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो.

शाळेत आपण शिकलो की स्नायू म्हणजे तंतूंचे जुडगे. त्यात दोन मुख्य प्रथिनं, जाड तंतूंचं मायोसिन आणि बारीक तंतूंचं ॲक्टिन. मायोसिनचा एक रेणू म्हणजे दोन डोकी आणि एक लांब शेपूट. शेकडो शेपट्या एकमेकींना बिलगून जाड तंतू बनतो, आणि ही मिठी असते विद्युतभारांची. मीठ घातलं की क्लोराइडचे ऋण आयन प्रथिनांना चिकटतात, सारखे भार एकमेकांना ढकलतात, तंतू फुगतो, आणि मिठाचं प्रमाण पुरेसं असेल तर शेपट्या सुटून मायोसिन चक्क विरघळतं. पुरेसं म्हणजे लिटरभर पाण्यात साधारण ०.३ मोल (मिठाचा एक मोल म्हणजे ५८.५ ग्रॅम). हिशेब करून बघा. अर्धा किलो खिम्यात पाऊण हिस्सा, म्हणजे ३७५ मिलिलिटर पाणी. त्यात ८ ग्रॅम मीठ घातलं, तर ८ भागिले ५८.५ म्हणजे ०.१३७ मोल, लिटरमागे ते झाले ०.३६. जिभेला जेवढं मीठ बरोबर लागतं, जवळपास तेवढ्यातच मायोसिन सुटतं! हा योगायोग मला अजूनही गंमतीचा वाटतो.

सुटलेलं मायोसिन चिकट असतं. मीठ घालून खिमा मळत राहिलं की तो हाताला धरायला लागतो तो यामुळेच. मग उष्णता लागते. डोकी आधी एकमेकांना चिकटतात, पुढे शेपट्यांची गुंडाळी उलगडते, आणि पन्नास-साठ अंशांच्या दरम्यान एक जाळं तयार होतं. त्या जाळ्यानं गोळा फुटत नाही. पण बोकडाच्या चरबीदार खिम्यात या जाळ्यात मधेमधे चरबीचे थेंब अडकतात आणि ते तितकं सलग राहत नाही. हरणाच्या खिम्यात अडवायला कुणीच नाही. त्यात भाचीनं मीठ आधीच घालून, यंत्रात फिरवून पार कणकेसारखं मळलं होतं. जाळं अखंड झालं, आणि गोळा फरशीवरून उडाला.

(जाता जाता: आमच्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरातच पारा बेचाळीसवर असतो. मायोसिनचं जाळं धरायला आणखी आठ-दहा अंशच उरतात. गंमत सोडा, खिमा गार नसेल तर असलेली थोडीफार चरबीही मळताना वितळून हाताला लागते. मी परात फ्रीजमध्ये ठेवून मगच मळतो.)

मग मीठ घालायचंच नाही का? तसाही एक घाणा करून पाहिला. गोळे रश्शात सुटले आणि पातेल्यात खिम्याचं कालवण झालं. शेवटी मधला मार्ग सापडला. एक तृतीयांश खिम्यात सगळं मीठ घालून तो चांगला चिकट होईपर्यंत मळायचा. बाकीचा दोन तृतीयांश नंतर, बोटांनी वरच्यावर, भेळ कालवतात तसा मिसळायचा आणि लगेच वळायला घ्यायचं. थोडं मायोसिन सिमेंट होतं, बाकीचे दाणे मोकळे राहतात.

पण खरी पंचाईत तापमानाची आहे. अखंड तुकड्यात जंतू पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात. म्हणून खिमा मध्यभागी ७१ अंशांपर्यंत तापवा असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात, आणि इथं तडजोड नको. नेमकं ६५ ते ८० अंशांच्या पट्ट्यात ॲक्टिन आकसतं आणि मांस ओल्या टॉवेलसारखं पाणी पिळून काढतं. चरबी असेल तर तोंडात ओलसरपणाचा भास तरी राहतो. हरणात तोही नाही.

इथं आपलं पंढरपुरी डाळवं उपयोगी पडतं. सासूबाईंच्या बॅगेत शेंगाची चटणी होती, तशी डाळव्याचीही पुडी होती. तिकडचे लोक या कामाला दुधात भिजवलेला पाव वापरतात, काम दोघांचं एकच. ॲक्टिन पाणी सोडतं तेव्हा डाळव्यातला स्टार्च ते जागीच पितो, आणि त्याचे कण मायोसिनच्या जाळ्यात पाचरीसारखे घुसून त्याला सलग होऊ देत नाहीत. बेसन का नाही? ते कच्चं असतं, गोळा लहान, वेळ कमी, कच्चट चव मागे राहते. डाळवं भाजलेलंच असतं. अर्ध्या किलोला चार चमचे डाळव्याचं पीठ तेवढ्याच दुधात भिजवून घ्यायचं. किसलेला कांदा घातलात तर दूध कमी करा.

उरली चरबी. ती बाहेरून द्यायची. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं, शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास. म्हणून भाजलेलं खोबरं आणि शेंगदाण्याचं बारीक कूट गोळ्यातच घालायचं. आपण रश्शाला घालतो तेच थोडं आत.

आणि आकार. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अडीच सेंटिमीटरचा गोळा पाच सेंटिमीटरचा केला, तर वेळ दुप्पट नाही, चौपट. तेवढ्या वेळात मध्यभाग ७१ला पोचेपर्यंत बाहेरचा भाग नव्वदीपार गेलेला असतो. तेव्हा छोट्या लिंबाएवढेच वळा. आधी तव्यावर तेलात बाजू बदलत खरपूस करा (तो वास १४० अंशांच्या वर, पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच येतो), मग उकळत्या नाही, नुसत्या वाफाळत्या रश्शात सोडा.

वासाबद्दल थोडक्यात. बोकडाचा उग्र वास मुख्यतः ४-एथिलऑक्टॅनॉइक आम्लासारख्या फांद्या असलेल्या मेदाम्लांचा, आणि तो चरबीत राहतो. हरणाची पांढरी, मेणासारखी चरबी तर लवकर गोठते, टाळ्याला चिकटून बसते. ती काढूनच टाकावी. पण हरणाच्या मांसाला कलेजीसारखी जी चव येते त्यात लोहाचाही हात असतो. स्नायूला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनमध्ये लोह असतं आणि ते चरबीचं ऑक्सिडीकरण, म्हणजे खवट होण्याची साखळी, वेगानं घडवतं. लवंगेतलं युजेनॉल ही साखळी मधेच तोडतं. आपल्या काळ्या मसाल्यात लवंग असतेच, त्यामुळे तो इथं नुसता वास झाकायला नसतो.

या लोहावरूनच काही मंडळी हरणाच्या मांसाला सुपरफूड म्हणून विकतात. लोह आहे, चरबी कमी आहे, बस्स. सासूबाईंच्या बहिणीनं फोनवर सांगितलं की हरीण खाल्लं की पायात चपळाई येते. तसं असतं तर म्हशीचं दूध पिऊन वाढलेला अर्धा सोलापूर दुपारी डबक्यात बसलेला दिसला असता.

बुधवारी फोन आला. धाकट्यानं पाच खाल्ले. सासूबाईंनी ‘चवीपुरता’ एक घेतला, मग भाकरी कुस्करली आणि आणखी दोन घेतले. रामायणाचा विषय निघाला नाही.

गुरुवारी पुन्हा फोन. डब्यात कोरडे ठेवलेले उरलेले गोळे गरम केले, तर त्यांना जुन्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता आणि धाकटा पुन्हा नाक मुरडत होता. लोहच ते. शिजताना मायोग्लोबिन मोडून ते मोकळं होतं आणि फ्रीजमध्येही रात्रभर चरबीच्या मागे लागतं. फक्त सासूबाईंनी तीन गोळे रश्शात पार बुडवून, वर तवंग ठेवून झाकले होते. हवाच पोचली नाही. ते तीन अजून कुणाचे, यावर तिकडे वाद चालू आहे.