पोर्ट २५ ची अडवणूक

ईमेल येते पण जात नाही, या तक्रारीमागचे एक नेहमीचे कारण. इंटरनेट सेवादार ग्राहकाच्या जोडणीवरून बाहेर जाणारे पोर्ट २५ (पोर्ट म्हणजे संगणकांच्या देवाणघेवाणीचे क्रमांक दिलेले दार) बंद ठेवतो आणि त्या पोर्टने निघालेली पत्रे आउटबॉक्समध्येच पडून राहतात. आलेली ईमेल उतरवण्याचे पोर्ट वेगळे (पॉप पद्धतीसाठी ११० किंवा ९९५, आयमॅप पद्धतीसाठी १४३ किंवा ९९३) असल्याने आवक सुरळीत चालते आणि संशय भलतीकडेच, बहुधा पासवर्डवर, जातो.

ईमेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२ मध्ये आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून नोंदला गेला. त्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नव्हती. पुढे व्हायरस लागलेले घरगुती संगणक मालकाच्या नकळत थेट जगभरच्या सर्व्हरवर स्पॅम ओतू लागले, तेव्हा सेवादारांनी हे दार लावून घेतले. ग्राहकाला ते जाचक वाटते, पण निर्णय योग्यच होता. डिसेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४७६ ने ग्राहकाच्या ईमेलसाठी पोर्ट ५८७ वेगळे काढले; सुरुवातीपासूनच कूटबद्ध चालणाऱ्या पोर्ट ४६५ ला २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने मान्यता दिली. पोर्ट २५ आता सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीपुरते आहे.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्री आणि मशीनशॉपना कोटेशन, ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट ईमेलनेच धाडावी लागतात. कंपनीच्या नावाचा ईमेल पत्ता कुणीतरी कधीकाळी जोडून दिलेला असतो, त्यात पोर्ट २५ तसेच राहिलेले असते. मग नेटवाला बदलतो, फायबर येते आणि ‘कालपर्यंत तर जात होतं’ हे वाक्य ऐकू येते.

पहिली चाचणी मोबाइलच्या हॉटस्पॉटची. त्यावरून पत्र गेले, तर अडथळा ऑफिसच्या जोडणीत किंवा राउटरमध्ये आहे. मात्र मोबाइल कंपन्याही पोर्ट २५ अडवू शकतात. तिथून न गेल्याने नेटवाला निर्दोष ठरत नाही. अधिक खात्रीसाठी विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि पोर्ट देऊन चालवावी. त्रुटीचा संदेश नीट वाचणे सर्वांत फायद्याचे. ‘टाइमआउट’ आला तर वाट बंद असण्याची शक्यता जास्त. ५३५ हा आकडा आला, तर सर्व्हरपर्यंत पोचलात, युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेला. ५५० सोबत ‘रिले’ (पत्र पुढे धाडणे) शब्द दिसला, तर बहुधा सेटिंगमध्ये पाठवतानाच्या लॉगिनची खूण करायची राहिली आहे. अँटिव्हायरसही कधीकधी मध्ये पडतो.

उपाय साधा: ईमेलच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५८७ (कूटबद्धतेचा पर्याय स्टार्टटीएलएस) किंवा ४६५ (पर्याय एसएसएल/टीएलएस), आणि युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता. पोर्ट २५ उघडा म्हणून नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. ऑफिसातच स्वतःचा मेल सर्व्हर ठेवणाऱ्यांना तर उघडे पोर्टही पुरत नाही. स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आणि त्याची उलट डीएनएस नोंद (त्या पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी) नसेल, तर मोठे सर्व्हर पत्र परत करतात. बदलत्या आयपींचे पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (जिथून थेट पत्रे येऊ नयेत अशा आयपींच्या) असतात. अशांनी ५८७ वरून एखाद्या रिले सेवेमार्फत (आपली पत्रे पुढे धाडणाऱ्या) पाठवावे आणि त्या सेवेचा उल्लेख एसपीएफ नोंदीत (आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे सांगणाऱ्या) करावा.

स्कॅन ईमेलने पाठवणारे बरेच जुने स्कॅनर मात्र टीएलएस ओळखतच नाहीत. त्यांना ईमेल करायला न लावता स्कॅन शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायला लावणे सोपे पडते.