विरोधाभास (ख्रिस्ती अध्यात्म)

एकमेकांना छेद देणारी दोन सत्ये, त्यांतले कोणतेही न सोडता, एकाच वेळी धरून ठेवण्याची ख्रिस्ती साधनेतील वृत्ती. मराठी व्याकरणात विरोधाभास हा अलंकार आहे. तिथे विरोध वरवरचा असतो. अर्थ उलगडला की तो मावळतो. ख्रिस्ती अध्यात्मात शब्द तोच असला तरी अर्थ कळल्यावरही विरोध शिल्लक राहतो, आणि त्या विरोधासकट प्रार्थना करायची असते. म्हणून या नोंदीपुरता शब्दातला ‘आभास’ थोडा बाजूला ठेवलेला बरा.

मूळ येशूच्या शिकवणीत आहे. जीव वाचवू पाहणारा तो गमावेल आणि गमावणाऱ्याला तो लाभेल. पहिले ते शेवटचे होतील. गव्हाचा दाणा मातीत मरतो तेव्हाच पीक येते. यांपैकी दाण्याचा दृष्टान्त शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मार्ककृत शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशू त्याला आधी शंका मिटवून ये असे सांगत नाही. मुलाला बरे करतो. विश्वास आणि संशय एकाच मनात नांदू शकतात, याचा याहून प्रामाणिक दाखला शुभवर्तमानांत क्वचितच सापडेल.

सिद्धान्ताच्या पातळीवर निर्णायक टप्पा म्हणजे इ. स. ४५१ ची कॅल्सेडन येथील धर्मपरिषद. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, आणि ही दोन स्वरूपे त्याच्या ठायी न मिसळता, न बदलता, न दुभंगता, न विलग होता एकत्र आहेत, असे तिने ठरवले. चारही शब्द नकाराचे आहेत. हे कसे घडते याचा खुलासा परिषदेने केलाच नाही. दोन्ही बाजूंना कुंपण तेवढे घातले.

या कुंपणाच्या आत कसे राहायचे, हे पंधराव्या शतकातील जर्मन कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकारी, निकोलस ऑफ क्युसा याने फार सुंदर रीतीने दाखवले. परस्परविरोधी गोष्टी ईश्वराच्या ठायी एकरूप होतात, हा त्याचा विचार. १४५३ साली त्याने टेगर्नसे येथील मठवासीयांना ग्रंथासोबत एक चित्र पाठवले. चित्रातल्या चेहऱ्याचे डोळे पाहणाऱ्यावरच रोखलेले वाटत. ते उत्तरेच्या भिंतीवर लावा, त्याने सांगितले. मग एकाने पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि दुसऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे चालावे. नजर आपल्याच सोबत सरकते आहे, असे प्रत्येकाला वाटेल. चित्र तर जागचे हललेले नाही. दुसऱ्याला काय दिसले हे कळायला मात्र त्याला विचारावे लागते आणि त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. स्थिर असूनही प्रत्येकामागे जाणारी ती नजर म्हणजे क्युसाच्या लेखी ईश्वराची नजर होती, आणि तिच्यापर्यंतची वाट विरोधांच्या भिंतीतूनच जाते असे तो लिहितो.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनेही १५२० साली ख्रिस्ती माणसाला कोणाच्याही अधीन नसलेला स्वामी आणि सर्वांचा सेवक, असे दोन्ही म्हटले. पण विरोधाभासाचा सर्वांत खोल अनुभव काळोखाचा आहे. कार्मेलाइट या संन्यासी संघातील स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस याला १५७७ च्या डिसेंबरात त्याच्याच संघातील बांधवांनी टोलेडोत कोंडले. पुढच्या ऑगस्टमध्ये निसटेपर्यंत तो एका चिंचोळ्या खोलीत होता, आणि तिथेच त्याच्या प्रेमकवितेने आकार घेतला. सर्व काही हवे असेल तर कशाचीही इच्छा धरू नकोस, असे तो शिकवतो. आत्म्याच्या काळोख्या रात्री देव दूर गेल्यासारखा वाटतो. जॉनच्या मते तेव्हा प्रकाश इतका जवळ आलेला असतो की डोळे दिपतात.

मदर तेरेसा यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पत्रे याच वाटेवरची आहेत. कोलकात्यात गरिबांची सेवा सुरू केल्यावर त्यांना अंतरी देव जाणवेनासा झाला आणि ती पोकळी दीर्घकाळ राहिली. १९६१ च्या सुमारास येशूसंघीय ईश्वरविद्यातज्ज्ञ फादर जोसेफ नॉयनर यांनी त्यांना समजावले, की देवाची ही तहान हीच त्याच्या सान्निध्याची खूण आहे आणि हा काळोख तुमच्या सेवेचाच भाग आहे. त्यावर, अकरा वर्षांत प्रथमच मला हा काळोख प्रिय वाटू लागला, अशा आशयाचे त्यांनी नॉयनर यांना लिहिले. नॉयनर यांनी पुण्यात अनेक वर्षे अध्यापन केले. २००९ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी, ते पुण्यातच निवर्तले.

ही शिकवण वापरताना फार जपावे लागते. अशक्तपणातच सामर्थ्य असते, हे वचन घरात मार खाणाऱ्या बाईला किंवा नाडलेल्या मजुराला गप्प बसवण्यासाठी ऐकवले जाते, तेव्हा विरोधाभासाचे एक टोक कापलेले असते. सोसण्याचा उपदेश दुसऱ्याला करण्यासाठी हे शब्द मुळात नव्हतेच. येशूचा प्रेषित पौल याने ते स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिले, आणि तेही ते दूर व्हावे म्हणून तीनदा विनवणी केल्यानंतर. त्याच पौलाने यरुशलेमेत फटके मारण्यासाठी बांधले जात असताना, आपण रोमी नागरिक आहोत हे सांगून शिक्षा थांबवली होती.