मीटिंग जॉइन झाली, मग ऑडिओ परत वेगळा का जॉइन करायचा?

लिंक दाबली, आत आलो, सगळ्यांचे चेहरे दिसतायत आणि तरी स्क्रीनवर विचारणा येते की ऑडिओ जॉइन करायचा का, फोनने की कॉम्प्युटरने. नवीन माणूस हमखास इथेच अडकतो आणि त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. त्याचं काही चुकलेलं नसतं, ही विभागणी फार जुनी आहे.

१९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात चित्र दिसणारा फोन दाखवला होता, तो महाग पडला आणि फारसा चालला नाही. आपल्याकडे लांबून मीटिंग करायचा विषय खऱ्या अर्थाने आला तो २००० च्या आगेमागे, पुण्या-मुंबईच्या आयटी ऑफिसांमधून, आणि तेव्हा लांबच्या लोकांशी मीटिंग म्हणजे सरळ फोन. कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर मधोमध तीन पायांचा स्पीकरफोन, मेलमध्ये डायल-इन नंबर आणि पासकोड, पासकोड टाकून शेवटी हॅश दाबायचं, की ब्रिजवर, म्हणजे सगळ्यांचे कॉल एकत्र जोडणाऱ्या सिस्टिमवर आलात. वेबवरची मीटिंग सॉफ्टवेअर आली ती मुख्यतः स्लाइड आणि स्क्रीन दाखवायला, आवाज त्या ब्रिजवरूनच यायचा. म्हणजे प्रत्येक जण दोनदा जॉइन व्हायचा, एकदा ब्राउझरमध्ये आणि एकदा फोनवर. पुढे आवाजही नेटवरून यायला लागला तरी ती दुसरी पायरी तशीच राहिली, आजचं ते बटण म्हणजे तीच पायरी.

भारतात मात्र याला अजून एक गाठ बसली, ती म्हणजे टोल बायपासवरची मनाई, टोल बायपास म्हणजे लांबच्या कॉलचे पैसे चुकवून आवाज नेटवरून किंवा खासगी लाइनवरून नेणं. १ एप्रिल २००२ ला इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली, त्याच सुमाराला परदेशी कॉलवरची सरकारी मक्तेदारीही संपली, पण परवानगी अर्धीच होती. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला बोला, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला लावा, पण नेटवरून देशातल्या साध्या फोनला कॉल लावायचा नाही. कारण सरळ होतं, पुण्याच्या ऑफिसातून कंपनीच्या खासगी लाइनवरून आवाज मुंबईला न्यायचा आणि तिथून लोकल कॉल म्हणून बाहेर काढायचा, तर एसटीडीचे पैसे आणि सरकारचा वाटा दोन्ही बुडतात. म्हणून ऑफिसच्या फोन सिस्टिममध्ये नेटची वाट आणि बाहेरच्या लाइनची वाट एकमेकींना लागू द्यायची नाही असा नियम होता. आयटीवाल्यांना एकाच यंत्रात या दोन वाटा वेगळ्या पाडून ठेवाव्या लागायच्या, आणि अमेरिकेतून कंपनीच्या खासगी लाइनवर चालू असलेल्या कॉलमध्ये प्रवासात असलेल्या साहेबांना मोबाईलवर जोडून घ्यायचं म्हटलं की सिस्टिमच नाही म्हणायची.

माझं स्पष्ट मत आहे की या नियमाचं वय त्याच्या कारणापेक्षा फार जास्त झालं. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांनी देशभर एक रुपया मिनिट केलं तेव्हाच एसटीडी चुकवण्यातला फायदा जवळपास संपला होता, २०१६ नंतर तर मोबाईलवर बोलणंच डेटा पॅकबरोबर फुकट मिळायला लागलं. लायसन्स फी आणि कॉलवर सुरक्षेसाठी नजर ठेवणं हे मुद्दे खरे होते, ते नाकारायचे नाहीत, पण त्याचा त्रास ज्याला फक्त मीटिंगमध्ये बोलायचं होतं त्यालाच झाला. मार्च २०२० मध्ये घरून काम करायची वेळ आली तेव्हा सरकारने आधी तात्पुरती सूट दिली, ती वाढवत नेली, मग ५ नोव्हेंबर २०२० ला आणि परत २३ जून २०२१ ला नियम बरेच मोकळे केले. टोल बायपासला मनाई मात्र तेव्हाही कायम राहिली.

इकडे ब्राउझरमध्येही बदल चालूच होते. २०११ ला वेबआरटीसी, म्हणजे ब्राउझरमधून थेट आवाज आणि चित्र पाठवायचं तंत्र, सगळ्यांसाठी खुलं झालं, २०१२ ला ओपस हा आवाजाचा कोडेक (आवाज लहान करून नेटवरून पाठवायची पद्धत) प्रमाण ठरला, त्यामुळे वेगळं प्लगइन न टाकता ब्राउझरमधूनच बोलता यायला लागलं. पण त्याबरोबर परवानग्या आल्या. २०१५ च्या शेवटापासून क्रोम सुरक्षित नसलेल्या साइटला माइकच देत नाही, २०१८ पासून मॅकवर प्रत्येक ॲपला माइकसाठी वेगळी परवानगी लागते. हे चांगलंच झालं, फक्त घाईत एकदा "नको" दाबलं गेलं तर ॲप पुढच्या वेळी विचारत नाही, मुकाट्याने माइक बंद ठेवतं, आणि सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो हे कुणी सांगत नाही.

हेडफोनचं अजून वेगळं. विंडोज ७ पासून नेहमीच्या आवाजाचं डिव्हाइस वेगळं आणि कॉलचं वेगळं निवडता येतं, म्हणून गाणी हेडफोनमध्ये आणि मीटिंग लॅपटॉपच्या स्पीकरवर असं होऊ शकतं. नेहमीच्या ब्लूटूथला चांगल्या आवाजाची वाट एकतर्फी आहे, माइक चालू झाला की ते जुन्या हँड्सफ्री प्रोफाइलवर, म्हणजे फोन कॉलसाठीच्या पद्धतीवर जातं आणि आवाज एकदम फोनसारखा बारीक होतो. विंडोज १० मध्ये तर एकच हेडसेट यादीत दोन नावांनी दिसतो, त्यातला स्टिरिओवाला निवडला तर माइक त्यात नसतोच.

आणि डायल-इन नंबर आजही बऱ्याच इन्व्हाइटच्या खाली असतो, नेट गेलं की तोच कामाला येतो. फक्त फोनने आत आलात तर लॅपटॉपचा ऑडिओ सोडा, नुसता माइक म्यूट करून भागत नाही, कारण स्पीकर चालूच राहतो आणि त्यातून निघालेला आवाज फोनच्या माइकमध्ये शिरतो, प्रतिध्वनी दाबून टाकणारं सॉफ्टवेअर फक्त स्वतःच्याच स्पीकरचा आवाज ओळखतं.