गाणं एक, हक्क दोन: रचना आणि मास्टर

स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं गाणं डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग अ‍ॅप्सपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, स्ट्रीमिंगवर चढवलं की काही आठवड्यांनी हिशोब येऊ लागतो. ‘रॉयल्टी सुरू झाली’ म्हणून कलाकार निश्चिंत होतो. पण हा हिशोब बहुतेक वेळा अर्ध्याच गाण्याचा असतो.

कायद्याच्या लेखी गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी तिचं ठरावीक ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात. एकच चाल दहा जणांनी रेकॉर्ड केली तर रचना एकच राहते, मास्टर दहा होतात. कव्हर करणाऱ्याचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड करणाऱ्याचा, मास्टर त्याचा स्वतःचा, पण रचनेचे पैसे मूळ गीतकार-संगीतकाराकडे जातात. स्वतंत्र कलाकाराच्या बाबतीत दोन्ही हक्क एकाच खिशात असतात, त्यामुळे फरक जाणवतच नाही. गोंधळाचं मूळ हेच.

डिस्ट्रिब्युटर मुख्यतः मास्टरचे पैसे आणून देतो. स्पॉटिफायने 2024 पासून घातलेली अट, मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम नसतील तर पैसे नाहीत, ही याच बाजूची आहे. रचनेचे पैसे वेगळ्या वाटेने येतात: गीतकार-संगीतकारांसाठी पैसे गोळा करणाऱ्या हक्कसंस्था किंवा पब्लिशर (रचनेचे हक्क सांभाळणारी कंपनी) यांच्यामार्फत, आणि तेही रचनेची नोंद केली असेल तरच. ही वाट जुनी आहे. 1847 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत संगीतकार अर्नेस्ट बुर्जे यांनी आपलीच गाणी फुकट वाजताना ऐकली आणि प्यायलेल्या पेयाचे पैसे द्यायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकले आणि त्यातूनच 1851 मध्ये सासेम ही फ्रान्समधली हक्कसंस्था उभी राहिली. बिल थकवून इतकं मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल!

आपली नोंद झाली आहे का, हे क्रमांकावरून ताडता येतं. मास्टरला आयएसआरसी हा 12 अक्षरी-अंकी क्रमांक असतो आणि तो सहसा डिस्ट्रिब्युटरच देतो. रचनेचा आयएसडब्ल्यूसी वेगळा. तो ‘टी’ या अक्षराने सुरू होतो आणि नोंदणीनंतर हक्कसंस्थेमार्फत मिळतो. हा दुसरा क्रमांक कधी पाहिलाच नसेल, तर रचनेची बाजू बहुधा बेवारस पडली आहे.

लाइव्ह कार्यक्रमात तर मास्टरचा संबंधच येत नाही. मानधन मिळतं ते वाजवण्याचं. त्याशिवाय, सभागृहाने हक्कसंस्थेचा परवाना घेतलेला असेल आणि तुम्ही गायलेल्या गाण्यांची यादी त्या संस्थेला कळवली असेल, तर रचनाकार म्हणून त्याच संध्याकाळचे आणखी पैसे निघतात. ही यादी पाठवायचा कंटाळा करणारे खूप. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओ रचनाकाराला पैसे देतो, पण गायकाला किंवा मास्टरच्या मालकाला नाही. दुसऱ्याचं गाणं गाऊन तिथे रेडिओवर कितीही गाजा, रेडिओकडून काहीच मिळत नाही.

चित्रपटात किंवा जाहिरातीत गाणं वापरायचं तर दोन्ही मालकांची परवानगी लागते. इथे स्वतंत्र कलाकाराचं पारडं जड होतं, कारण दोन्ही होकार एकाच माणसाकडून मिळतात आणि घाईत असलेल्या निर्मात्याला नेमकं तेच हवं असतं. हे दोन हक्क वेगळ्या हातांतही जाऊ शकतात. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचे पहिल्या सहा अल्बमचे मास्टर 2019 मध्ये तिच्या इच्छेविरुद्ध विकले गेले. तरी गाण्यांच्या लेखनातला वाटा तिच्याकडेच होता आणि त्या जोरावर 2021 पासून तिने त्यातले चार अल्बम नव्याने रेकॉर्ड करून बाजारात आणले.

सर्वांत जास्त घोळ होतो तो मित्रांमध्ये. अरेंजर, म्हणजे गाण्याचं वाद्यसंयोजन करणारा, म्हणतो, “फी नको, वीस टक्के दे.” कशातले? मास्टरमधले दिले तर त्या एका रेकॉर्डिंगपुरते. रचनेतले दिले तर उद्या कुणीही कव्हर केलं, कुठेही गायलं, तरी त्याचा वाटा निघत राहणार. चाल बांधण्यात त्याचा हात असेल तर तो मागतो ते रास्तच. फक्त बीट आणि मिक्सिंग केलं असेल तर मी मास्टरमधलेच देईन, आणि तसं स्प्लिट शीटवर, म्हणजे कुणाचा किती वाटा हे नोंदवणाऱ्या कागदावर, लिहून दोघांच्या सह्या घेईन, गाणं अपलोड करण्याआधी.